सफरचंदाची आवड : ताजे फळ आणि साठविलेले फळ

बंगळूर शहरात सफरचंद वर्षाचे बाराही महिने विकत मिळते. परंतु ज्या झाडांना ते लागते ती झाडे या शहरापासून फार दूर असून वर्षातून एकदाच फळतात. हिमाचल प्रदेशातील हंगाम जुलैच्या सुमारास सुरू होतो. काश्मीरमधील बहुतेक फळे ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत उतरविली जातात आणि सुमारे तीन हजार किलोमीटरचा प्रवास करून बंगळूरच्या बाजारात येतात. तेव्हा एप्रिल महिन्यात येथील दुकानात दिसणारे काश्मिरी सफरचंद निदान सहा महिन्यांपूर्वी तोडलेले असते. त्याच्याच शेजारी न्यूझीलंडचे किंवा चिलीचे सफरचंद मांडलेले असते. दक्षिण गोलार्धात फळांचा हंगाम फेब्रुवारी ते मे या काळात येत असल्यामुळे ते फळ कदाचित दीड-दोन महिन्यांपूर्वीचेच असेल. दोन्ही फळे लाल व तकतकीत असतात, आणि तोडणीचा दिवस कोणत्याही फळावर लिहिलेला नसतो.

या दोन फळांची चव सारखी असते काय? नसल्यास तो फरक कशामुळे पडतो? आणि लोकांना यांपैकी कोणते फळ खरोखर आवडते, हे शास्त्रीय रीतीने कसे ठरवावयाचे? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत पुस्तिकेत केला आहे. हा विचार केवळ जिभेच्या चोचल्यांसाठी केलेला नाही. ग्राहक ज्या जातीचे फळ उचलतो त्याच जातीची कलमे बागायतदार पुढे लावतो, आणि एकदा लावलेली बाग पुढील वीस-तीस वर्षे तेच फळ देत राहते. ग्राहकाची निवड चुकली, तर त्या चुकीचे फळ त्याला व बागायतदाराला दीर्घकाळ भोगावे लागते.

बंगळूरच्या भूमीतील सफरचंद

सफरचंद हे थंड प्रदेशातील झाड होय. हिवाळ्यात त्याची पाने गळतात व कळ्या सुप्तावस्थेत जातात. ही सुप्तावस्था मोडण्यासाठी डेलिशसवर्गीय जातींना सुमारे ७ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाचे जवळजवळ हजार तास मिळावे लागतात. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर असले तरी तेथील हिवाळा इतका कडक नसतो. असे असूनही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शहराच्या परिसरात ‘रोम ब्यूटी’ नावाच्या जातीची लागवड होत असे. ही जात मूळची अमेरिकेतील ओहायो राज्यातील. तिचे फळ घट्ट व टिकाऊ असते आणि ते ताजे खाण्यापेक्षा भाजून किंवा शिजवून खाण्यासाठी अधिक प्रसिद्ध आहे.

उष्ण प्रदेशात हे झाड फळावे कसे? याचे उत्तर इंडोनेशियातील जावा बेटावर आजही पाहावयास मिळते. तेथील मालांग शहराजवळच्या बाटू येथे हीच रोम ब्यूटी जात लावलेली आहे. फळे उतरविल्यानंतर काही आठवड्यांनी झाडाची सर्व पाने हाताने ओरबाडून काढतात. त्यामुळे कळ्या गाढ सुप्तावस्थेत जाण्यापूर्वीच फुटतात, आणि वर्षातून दोन बहार घेता येतात.

बंगळूरच्या परिसरातील सफरचंदांच्या बागा पुढे मागे पडल्या आणि शहर उत्तरेकडून येणाऱ्या फळांवर अवलंबून राहिले. अलीकडे मात्र कमी थंडीवर फळणाऱ्या जातींमुळे हा प्रश्न पुन्हा पुढे आला आहे. इस्रायलमधील ‘अ‍ॅना’, बहामा बेटांतील ‘डॉर्सेट गोल्डन’ आणि हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्याचे बागायतदार हरिमन शर्मा यांनी निवडलेली ‘एचआरएमएन-९९’ या अशा जाती होत. शर्मा यांना २०२५ साली पद्मश्री देण्यात आली. या जातीची लागवड कर्नाटक व महाराष्ट्र या राज्यांतही करून पाहण्यात आली आहे. या जातींची फळे उन्हाळ्यात, म्हणजे उत्तरेकडील ताजे फळ नसते त्या दिवसांत तयार होतात. परंतु ती फार दिवस टिकत नाहीत. ताजेपणा आणि टिकाऊपणा हे दोन गुण एकाच फळात क्वचितच नांदतात.

चव कशाची बनलेली असते

सफरचंदाच्या वजनात सुमारे ८५ टक्के पाणी असते. उरलेल्या भागात साखर सर्वांत अधिक असते व तीत फळशर्करेचे, म्हणजे फ्रुक्टोजचे प्रमाण मोठे असते. त्यानंतर महत्त्व येते ते मॅलिक आम्लाचे. त्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असले तरी फळाची लज्जत मोठ्या अंशी त्यावरच अवलंबून असते. दोन फळांत साखर सारखीच असली, तरी ज्यात आम्ल कमी ते गोड पण मिळमिळीत लागते आणि ज्यात ते पुरेसे असते ते आंबटगोड व रुचकर लागते.

तिसरा घटक म्हणजे सुगंध. तो ब्यूटिल अ‍ॅसिटेट, हेक्झिल अ‍ॅसिटेट यांसारख्या बाष्पनशील एस्टरांचा बनलेला असतो. सर्दी झालेल्या माणसाला फळाची ‘चव’ लागत नाही ती याच कारणाने. चौथा घटक फळाची घडण. करकरीत सफरचंद चावले असता त्याच्या पेशी फुटतात व रस बाहेर पडतो. जुन्या फळात पेशींना जोडणारे पेक्टिन विरघळू लागलेले असते. अशा वेळी पेशी न फुटता एकमेकींपासून नुसत्या सुट्या होतात. रस पेशींतच अडकून राहतो आणि फळ तोंडात पिठूळ लागते. म्हणजे पिठूळ फळात रस नसतो असे नव्हे, तो जिभेपर्यंत पोहोचत नाही इतकेच.

तोडणीनंतर फळात काय घडते

झाडावरून उतरविलेले फळ मृत नसते. ते श्वसन करीत असते, म्हणजे हवेतील प्राणवायू घेऊन स्वतःतील साखर व आम्ल जाळीत असते. कैऱ्या आढीत घातल्या म्हणजे पिकतात हे आपण घरोघर पाहतो. आंब्याप्रमाणेच सफरचंदही तोडणीनंतर पिकणाऱ्या फळांच्या वर्गात मोडते. पिकू लागलेले फळ इथिलीन नावाचा वायू बाहेर टाकते आणि हा वायू शेजारच्या फळांनाही पिकण्यास प्रवृत्त करतो. पिकणारी सफरचंदे इथिलीन निर्माण करतात, हे इंग्लंडमधील केंब्रिज येथे रिचर्ड गेन यांनी १९३४ साली सिद्ध केले.

या काळातील बदल सर्वच वाईट असतात असे नाही. तोडणीच्या वेळी फळात काही स्टार्च शिल्लक असतो. पुढील काही आठवड्यांत त्याची साखर होते आणि फळ अधिक गोड लागू लागते. हंगामाच्या अखेरीस तयार होणाऱ्या कित्येक जाती झाडावरून उतरविल्याबरोबर खाण्यापेक्षा काही दिवस ठेवून खाल्ल्यास अधिक रुचकर लागतात. यास्तव ‘ताजे ते सर्वांत चांगले’ हा समज सफरचंदाच्या बाबतीत पूर्णतः खरा नाही. परंतु ही अवस्था ओलांडल्यावर उतार लागतो. श्वसनात आम्ल साखरेपेक्षा अधिक वेगाने खर्ची पडते, पेक्टिन विरघळते आणि सुगंध ओसरतो.

शीतगृह आणि नियंत्रित हवा

श्वसनाचा वेग कमी करावयाचा तर पहिला उपाय थंडी हा होय. शून्य अंशाच्या आसपास ठेवलेले फळ उघड्यावरील फळापेक्षा अनेक पटींनी सावकाश पिकते. साध्या शीतगृहात सफरचंद काही महिने टिकते. त्याहून अधिक काळासाठी हवेचीच घटना बदलावी लागते. बाहेरील हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. बंदिस्त कोठारात तो १ ते ३ टक्क्यांवर आणला व कर्बद्विप्राणिल वायूचे प्रमाण थोडे वाढविले, म्हणजे फळाचे श्वसन मंदावते. फ्रँकलिन किड व सिरिल वेस्ट या केंब्रिजच्या दोघा शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत यासंबंधीचे मूलभूत संशोधन केले आणि १९२९ साली इंग्लंडच्या केंट परगण्यात असे पहिले व्यापारी कोठार सुरू झाले. आज हिमाचल प्रदेशात व काश्मीरमध्ये अशी कोठारे आहेत. त्यांत फळ पुढील उन्हाळ्यापर्यंत करकरीत राहू शकते.

तिसरा उपाय अलीकडचा आहे. ‘१-मिथिलसायक्लोप्रोपीन’ नावाचा वायू फळातील इथिलीनग्राही जागा अडवून धरतो. त्यामुळे सभोवती इथिलीन असूनही फळाला त्याचा संदेश पोहोचत नाही. एडवर्ड सिस्लर व सिल्व्हिया ब्लँकनशिप या अमेरिकन शास्त्रज्ञांनी हा शोध लावला आणि २००२ साली अमेरिकेत सफरचंदासाठी त्याच्या वापरास मान्यता मिळाली.

या उपायांनी घट्टपणा व काही अंशी आम्ल यांचे रक्षण उत्तम रीतीने होते. सुगंधाचे मात्र तसे होत नाही. सुगंधी एस्टर तयार होण्यासाठी फळाला ज्या क्रिया कराव्या लागतात त्याच येथे दाबून ठेवलेल्या असतात. अत्यल्प प्राणवायूत अनेक महिने राहिलेले फळ बाहेर काढल्यावरही पूर्ववत दरवळत नाही. हातात करकरीत आणि तोंडात रसाळ, पण नाकाला जवळजवळ मुके, असे फळ ग्राहकाला मिळते ते यामुळे.

साठवणीत जातीजातींचा फरक

एकाच कोठारात एकाच दिवशी ठेवलेल्या दोन जाती सारख्या उतरत नाहीत. ऑस्ट्रेलियात उगम पावलेल्या हिरव्या ‘ग्रॅनी स्मिथ’मध्ये आम्लाचा साठा मोठा असतो. काही महिन्यांत त्यातील थोडे खर्ची पडले तरी पुरेसे उरते आणि ज्यांना ताजे फळ फार आंबट लागते त्यांना साठविलेले अधिक आवडू शकते. ‘रेड डेलिशस’मध्ये मुळातच आम्ल कमी असते. त्यातून थोडे गेले की केवळ सपाट गोडी उरते, आणि ही जात पिठूळही लवकर होते. जपानमध्ये रेड डेलिशसच्याच संकरातून निर्माण झालेली ‘फुजी’ मात्र भरपूर साखर व घट्ट घडण यांमुळे साठवणीस उत्तम तोंड देते. काश्मीरची देशी ‘अंबरी’ जात सुगंध व टिकाऊपणा या दोन्ही गुणांसाठी पूर्वापार नावाजलेली आहे.

आवड कशी मोजतात

चव ही व्यक्तीगणिक वेगळी असली तरी तिचे मापन करता येते. घट्टपणा दाबमापक यंत्राने मोजतात, विद्राव्य साखरेचे प्रमाण रसातून प्रकाशकिरण कसा वळतो यावरून ठरवितात आणि आम्ल प्रयोगशाळेतील अनुमापनाने काढतात. परंतु ही सर्व मापे फळाची झाली. आवड मोजावयाची असेल तर माणसालाच विचारावे लागते. त्यासाठी १९५७ साली डेव्हिड पेरियम व फ्रान्सिस पिल्ग्रिम या अमेरिकन संशोधकांनी प्रसिद्ध केलेली नऊ पायऱ्यांची श्रेणी आजही जगभर वापरली जाते. तिच्या एका टोकास ‘अत्यंत आवडले’ व दुसऱ्या टोकास ‘अत्यंत नावडले’ असते, आणि मधोमध ‘आवडलेही नाही, नावडलेही नाही’ ही पायरी असते. कर्नाटकात म्हैसूर येथे १९५० पासून कार्य करीत असलेल्या केंद्रीय अन्न तांत्रिक संशोधन संस्थेत अन्नपदार्थांच्या अशा संवेदनात्मक परीक्षणाचे स्वतंत्र शास्त्रच विकसित झालेले आहे.

या रीतीने परीक्षा घेतली असता एक महत्त्वाची गोष्ट दिसून येते. सर्वांना आवडणारे असे एकच सफरचंद नसते. दक्षिण गोलार्धातील १२ जातींसंबंधीचा एक ब्रिटिश अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ग्राहकांच्या आवडीच्या दोन मुख्य दिशा आढळल्या. काहींना गोड व घट्ट फळ हवे होते, तर काहींना रसाळ व आंबट. यास्तव सर्वांच्या गुणांची सरासरी काढून ‘सर्वोत्तम जात’ जाहीर केली तर ती जात कोणाचीच खरी आवडती नसण्याचा संभव असतो. मऊ व पिठूळ फळ मात्र बहुतेकांना नकोसे वाटते.

डोळ्यांची आवड आणि जिभेची आवड

भारतातील सफरचंदाच्या इतिहासात लोकांच्या आवडीने बागांचे रूप पालटल्याचे उदाहरण आहे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात कुलू खोऱ्यात आणलेल्या जाती बहुतांशी आंबट होत्या आणि येथील लोकांना त्या फारशा रुचल्या नाहीत. पुढे सॅम्युअल स्टोक्स या सिमल्याजवळील कोटगढ येथे स्थायिक झालेल्या अमेरिकन गृहस्थांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून गोड डेलिशस जातीची रोपे आणून लावली. गोड फळाची आवड असलेल्या देशात ती झपाट्याने पसरली. पुढे काश्मीरमध्येही डेलिशसवर्गीय जातींनी अंबरीला मागे सारले.

परंतु या डेलिशसची कथा येथेच संपत नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत हे झाड आपोआप उगवले होते. त्याचे मूळ फळ पूर्ण लाल नसून पट्टेदार होते. ग्राहक अधिक लाल फळ उचलतात असे दिसल्यावर रोपवाटिकांनी अधिकाधिक लाल फळे देणाऱ्या फांद्या शोधून त्यांचीच कलमे केली. अशा निवडीतून फळ पक्व होण्यापूर्वीच लालभडक दिसू लागले. रंग हे पक्वतेचे लक्षण उरले नाही आणि अपक्व फळ तोडून बाजारात पाठविणे शक्य झाले. साल जाड झाली, चव मात्र मागे राहिली. ‘दिसते तसे नसते’ ही म्हण ग्राहकाच्या अनुभवास आली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वॉशिंग्टन राज्यातील बागायतदारांना मोठे नुकसान सोसावे लागले, आणि २०१८ च्या सुमारास अमेरिकेतील उत्पादनात रेड डेलिशसने अनेक दशके राखलेले पहिले स्थान ‘गाला’ या जातीने घेतले. बाजारात फळाला पहिले मत डोळे देतात. जिभेचे मत घरी गेल्यावर नोंदले जाते आणि ते बागायतदारापर्यंत फार उशिरा पोहोचते.

१९९९ साली सफरचंदाच्या आयातीवरील परिमाणात्मक बंधने उठल्यानंतर भारतीय बाजारातही अनेक देशांची फळे येऊ लागली. बंगळूरच्या ग्राहकासमोर आज पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक जाती आहेत. परंतु निवड वाढली म्हणजे पारख वाढतेच असे नाही. दुकानातील भाव अजूनही पुष्कळसा रंग, आकार व तकाकी यांवरच ठरतो.

शाळेत करण्याजोगे दोन प्रयोग

पहिला प्रयोग स्टार्चचा. आडवे कापलेले सफरचंद आयोडीनच्या सौम्य द्रावणात क्षणभर बुडवावे. जेथे स्टार्च असेल तो भाग निळा-काळा होतो. फळ जितके अपक्व तितका काळा भाग अधिक. पिकलेल्या किंवा दीर्घकाळ साठविलेल्या फळावर तो जवळजवळ दिसत नाही. बागायतदारही तोडणीचा दिवस ठरविण्यासाठी हीच परीक्षा वापरतात. आयोडीन लावलेले फळ खाऊ नये.

दुसरा प्रयोग चवीचा. एकाच जातीची दोन सफरचंदे घ्यावीत, एक हंगामातील व एक शीतगृहातील. तशी न मिळाल्यास दोन भिन्न जाती घ्याव्यात. थंड फळाची गोडी व वास कमी जाणवतो, म्हणून दोन्ही फळे आदल्या दिवसापासून एकाच खोलीत ठेवावीत. साल काढून सारख्या आकाराच्या फोडी कराव्यात आणि त्या काळवंडण्यापूर्वी लगेच द्याव्यात. प्रत्येक विद्यार्थ्याला डोळे बांधून तीन फोडी द्याव्यात, त्यांपैकी दोन एकाच फळाच्या व एक निराळ्या फळाची. निराळी फोड कोणती हे त्याने सांगावयाचे. फोडींचा क्रम प्रत्येकासाठी बदलावा आणि दोन फोडींच्या मधे पाण्याने चूळ भरावयास लावावी.

नुसत्या अंदाजाने उत्तर दिले तरी तिघांपैकी एकाचे बरोबर येईल. म्हणजे ३० विद्यार्थ्यांत १० उत्तरे केवळ योगायोगाने बरोबर येणे स्वाभाविक आहे. १५ किंवा अधिक उत्तरे बरोबर आली, तर मात्र दोन फळांच्या चवीत खरोखर फरक आहे असे मानण्यास आधार मिळतो, कारण केवळ योगायोगाने तसे घडण्याचा संभव शेकडा पाचाहूनही कमी असतो. यानंतर दोन्ही फळांची एकेक फोड देऊन ‘कोणते अधिक आवडले?’ असे विचारावे. येथे अंदाजाने निम्मी मते प्रत्येकाकडे जातील. त्यामुळे ३० पैकी निदान २१ मते एका बाजूस पडली, तरच वर्गाची आवड निश्चित झाली असे म्हणता येईल. शेवटी डोळ्यांवरील पट्ट्या सोडून, न कापलेली फळे समोर ठेवून हाच प्रश्न पुन्हा विचारावा. दोन्ही निकाल पुष्कळदा जुळत नाहीत, आणि त्यांतील अंतर हेच या प्रयोगाचे खरे फलित होय.

ग्राहकाने काय पाहावे

फळ घेताना रंगापेक्षा वजनाकडे लक्ष द्यावे. एकाच आकाराच्या दोन फळांत जे जड ते बहुधा अधिक रसरशीत असते. बोटाने हलकेच दाबल्यास ते दबता कामा नये. देठाजवळ सुरकुत्या असल्यास फळाने पाणी गमावले आहे असे समजावे. तकाकीवरून ताजेपणाचा निष्कर्ष काढू नये, कारण सफरचंदाच्या सालीवर नैसर्गिक मेण असतेच, आणि धुतल्यावर ते कमी झाल्यास वरून खाद्य मेणाचा पातळ थर देण्याची प्रथा आहे. विक्रेत्यास जात व गाव अवश्य विचारावे. ऑक्टोबरमध्ये काश्मीरचे आणि मेमध्ये न्यूझीलंडचे फळ ताजे असण्याचा संभव अधिक. घरी आणल्यावर ते उघड्यावर न ठेवता शीतकपाटात ठेवावे. पालेभाज्यांपासून मात्र दूर ठेवावे, अन्यथा त्यातून निघणाऱ्या इथिलीनने पाने पिवळी पडतात.

साठवण ही फसवणूक नव्हे. तिच्यामुळेच डोंगरावरील बागायतदाराला आपले सर्व पीक एकाच महिन्यात पडेल भावाने विकावे लागत नाही, आणि दक्षिणेकडील शहरांतील मुलांना उन्हाळ्यातही हे फळ मिळते. तथापि साठवणीत काय टिकते व काय हरवते हे ग्राहकाला माहीत असावयास हवे. बंगळूरमध्ये असो वा पुण्या-मुंबईस, जो ग्राहक जातीचे नाव विचारतो, चव आठवणीत ठेवतो आणि पुढच्या खेपेस त्याच नावाने फळ मागतो, त्याची मागणी अडत्यामार्फत बागेपर्यंत पोहोचू शकते. नुसता लाल रंग पाहून परतणाऱ्या ग्राहकाकडून बागायतदाराला एवढेच कळते की, पुढील वर्षी फळ अधिक लाल हवे.